पहिल्या बेसवरचे आडवे हात

दिवाळी मागे पडली की यवतमाळच्या रस्त्याकडेच्या झाडांना कापूस लागतो. बाभळीला लागतो, कडुलिंबाला लागतो, विजेच्या तारांनासुद्धा. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात की वाटेतली प्रत्येक फांदी त्यातून थोडं थोडं ओरबाडून घेते. मग ते पुंजके दिवसभर वाऱ्यावर हलत राहतात. खाली पडत नाहीत, उडूनही जात नाहीत. आमच्या कचेरीच्या खिडकीतून अशी एक बाभूळ दिसते, आणि ती पांढरी व्हायला लागली की मला टेबलाशी बसवत नाही. फाइल उघडते, मिटते. पाणी प्यायला उठते आणि न पिताच परत येते. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारतात, काय होतंय तुम्हाला? काही होत नसतं. डाव्या तळहातात नुसती एक चुळबुळ सुरू झालेली असते, एवढंच.

मी कॉलेजात बेसबॉल खेळायचे. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. पण आमच्याकडे मुलींचा सॉफ्टबॉल आणि बेसबॉल बरीच वर्षं खेळला जातो. आम्ही त्याच मुली दोन्ही खेळायचो, एकाची स्पर्धा संपली की दुसऱ्याची. मी कॅचर होते. म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर जाळीचा मास्क, आणि पिचरनं फेकलेला प्रत्येक बॉल डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये झेलायचा. आमचं घर नोकरदारांचं. वडील कारकून, काका मास्तर, मोठा भाऊ बँकेत. मैदानात जाऊन गुडघे फोडून घेणारी मीच पहिली. तो मास्क दाराच्या मागे टांगलेला असायचा, आणि पाहुणे आले की आई त्याच्यावर टॉवेल टाकायची.

आमची पिचर होती छाया. केळापूरच्या पुढे आत वळलं की तिचं गाव. ती यवतमाळला होस्टेलवर राहायची आणि दर शनिवारी एसटीनं घरी जायची. कापसाच्या दिवसांत ती सोमवारी परत आली की तिचे हात बघण्यासारखे असत. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दोन दिवस वेचणी केली तरी नखांच्या कडा सोलून निघतात. त्या बोटांनी ती बॉलची शिवण चाचपायची, बोटं नीट बसेपर्यंत फिरवत राहायची. दुखत असणार. पण दुखतं असं ती कधी म्हणाली नाही. उलट म्हणायची, बोट खरखरीत असलं की बॉल सुटत नाही.

ज्या वर्षी आम्ही अंतिम सामना खेळलो, त्या वर्षीच्या दिवाळीत मी तिच्या घरी गेले होते. ती वर्षं वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं, आणि ते नको त्या बातमीखाली असायचं. मुंबई-दिल्लीकडचे लोक कॅमेरे घेऊन स्टँडवर उतरायचे आणि गावांच्या वाटा विचारायचे. त्यांना वाट सांगताना आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटायचं. भाव पडले होते, सरकारी खरेदी केंद्र उघडायचा पत्ता नव्हता, आणि वेचलेला कापूस घरात येऊन बसला होता. छायाच्या घरातली एक अख्खी खोली त्यानं भरली होती. दार ढकललं की आत एक ऊबदार, सरकीच्या तेलासारखा वास आणि आढ्यापर्यंत पांढरा डोंगर. घरातली माणसं त्याच्या कडेला सतरंजी टाकून झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. त्या खाजेबद्दल कुणी तक्रार करायचं नाही, नुसती नखं चालत राहायची. मी एका रात्रीत हैराण झाले.

आणि त्या खोलीत छाया सराव करायची. दाराशी उभी राहून कापसाच्या ढिगात बॉल फेकायची. आवाज नाही, उसळी नाही. बॉल आत जाऊन बसायचा. मग ती ढिगात खांद्यापर्यंत हात घालून तो शोधून काढायची आणि पुन्हा फेकायची. तिचे वडील, किसनकाका, उंबऱ्यावर बसून हे बघायचे. मोठा बोलका माणूस. ते मला म्हणाले, की कापूस इकला जात नाही तं नाही, त्याचा काहीतरी उपयोग होऊन राह्यला हे बरं झालं. त्यांनी तिचा सामना एकदाही बघितलेला नव्हता. कधी बघू, बघून मला काय कळणार, असं ते हसून म्हणायचे. बेसबॉलमधलं त्यांना एवढंच ठाऊक होतं, की मुलीनं फेकलेला बॉल कुणाला मारता आला नाही पाहिजे.

खरं तर त्यांना सगळंच ठाऊक होतं. कारण याच्या टोकाला गेलं की जे होतं त्याला परफेक्ट गेम म्हणतात. समोरच्या संघातली एकही मुलगी, फटका मारून म्हणा, पिचर चुकली म्हणून म्हणा, कशीही, पहिल्या बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावरसुद्धा, पोचता कामा नये. पहिल्या इनिंगपासून शेवटच्या इनिंगपर्यंत आली ती आउट, आली ती आउट. आमच्या खेळाच्या सरांनी पावसाळ्यात एकदा, मैदानात चिखल असताना, हे फळ्यावर समजावून सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, की आपल्या भागात हे कोणी केल्याचं त्यांनी ऐकलेलं नाही. छाया तेव्हा मागच्या बाकावर झोपाळली होती असं मला वाटलं होतं. ती झोपली नव्हती.

अंतिम सामना पांढरकवड्याला होता, तिथल्या एका कॉलेजच्या मैदानावर. थंडी पडायला लागलेली. आम्ही पहिल्या एसटीनं निघालो तेव्हा काचा बंद होत नव्हत्या आणि सगळ्या जणी बॅटींच्या किटवर पाय घेऊन एकमेकींना टेकून बसलो होतो. वाटेत बैलगाड्याच बैलगाड्या. केंद्र एकदाचं उघडलं होतं आणि सगळा तालुका कापूस घेऊन एकदम निघाला होता. मार्केट यार्डाबाहेरची रांग हैदराबाद रोडपर्यंत आली होती. बैल सोडलेले, जू खाली टेकवलेलं, गाड्यांखाली चुली. त्या रांगेत किसनकाकाही होते. छायानं बसमधून त्यांची गाडी ओळखली, कारण त्यांच्या गाडीवर तिच्या आईच्या निळ्या लुगड्याचं झाकण होतं. ती खिडकीतून बाहेर वाकली, पण हाक मारली नाही. बस पुढे गेल्यावर म्हणाली, "चार दिवस झाले त्यायले उभं राहून."

सामना सुरू होण्याआधीच भांडण झालं. समोरचा संघ दिग्रसकडचा. पहिल्या बेसवर अंपायर म्हणून गुल्हाने सर उभे राहणार होते, ते पांढरकवड्याचेच, एका शाळेत खेळाचे मास्तर. बारीक अंगाचे, शांत, पांढरी कॅप डोळ्यांवर ओढलेली. ते मूळचे छायाच्या आजोळच्या गावचे निघाले. गावनात्यानं ती त्यांना मामा म्हणायची. हे दिग्रसच्या मॅनेजरला कुणीतरी सांगितलं आणि त्यानं सगळ्यांसमोर, मुलीबाळींच्या देखत, आवाज चढवला. हा माणूस त्या पोरीचा मामा लागतो, मग आम्ही खेळायचं तरी कशाला, असं त्याचं म्हणणं. गुल्हाने सरांनी कॅप काढून टेबलावर ठेवली आणि ते निघाले. दुसरा अंपायर मिळण्यासारखा नव्हता, म्हणून आयोजकांनी त्यांना हाताला धरून परत आणलं. त्यानंतर दिवसभर त्यांनी छायाकडे एकदाही पाहिलं नाही. ती समोर आली की ते जमिनीकडे बघत.

त्या दिवशीचा तिचा हात मी कसा सांगू? मी मागे बसलेली, त्यामुळे बॉल तिच्या हातातून सुटताना ते मला आधी कळायचं. कुठला वेगात येणार, कुठला ऐन बॅटीजवळ बसणार. दिग्रसच्या मुली चांगल्या होत्या, मारणाऱ्या होत्या. पण त्या बॅट फिरवत होत्या आणि बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये येत होता. काळ्या मातीचं मैदान, वर पांढऱ्या फक्कीच्या रेषा, आणि त्या रेषांवरून उन्हं हळूहळू सरकत होती. मधल्या कुठल्याशा इनिंगला माझ्या लक्षात आलं की यांची एकही मुलगी बेसवर गेलेली नाही. ते बोलायचं नव्हतं, बोललं की मोडतं असं खेळणारे मानतात. छायाकडे बॉल परत फेकताना मी तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. पण ती इनिंग संपल्यावर पाणी पिताना तीच म्हणाली, "मले मालूम आहे. तू नको बोलू." आणि बसली नाही. आमची बॅटिंग चालू असताना ती लिंबाच्या झाडाखाली येरझारा घालत राहिली, बोटांची सालपटं काढत. आमच्या धावा झाल्या होत्या, सामना आमच्याच हातात होता. तिला सामन्याचं काही पडलं नव्हतं.

शेवटच्या इनिंगच्या आधी किसनकाका आले. रांग पुढे सरकत नाही असं बघून गाडी शेजारच्याच्या भरवशावर टाकून ते चालत आले होते. खांद्यावर, टोपीवर, मिशीतसुद्धा कापूस. ते फक्कीच्या रेषेला अगदी चिकटून उभे राहिले. कुणीतरी त्यांना मागे सरकवलं तर दोन पावलं मागे जाऊन पुन्हा पुढे आले. छायानं त्यांना पाहिलं. मी मास्कमधून बघितलं, ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले, ओझं उतरवल्यासारखे.

पहिली आउट झाली. दुसरी आली, तिनं फटका मारला पण बॉल सरळ हवेत गेला आणि झेलला गेला. उरली एक. आली रेणुका. दिग्रसची सगळ्यात चपळ मुलगी. तिच्या पायाला पाय लावणारी त्या स्पर्धेत कुणी नव्हती. तिनं बॅट नुसती आडवी घातली. बॉल टप्पे खात हळू निघाला आणि रेणुका पळाली. आमच्या मुलीनं बॉल उचलला, पहिल्या बेसकडे फेकला; रेणुकाचा पाय पडायच्या आत तो तिथं झेलला गेला की ती आउट. फेकी चुकली तर मागे कुणीतरी हवं म्हणून अशा वेळी कॅचरनं पळणाऱ्या मुलीच्या मागोमाग धावायचं असतं. मी रेणुकाच्या पाठीशी होते. म्हणून मी खात्रीनं सांगते. बॉल बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज आधी आला. तिचा पाय बेसवर होता. रेणुकाचा पाय त्यानंतर पडला. थोडंथोडकं नाही, चांगलं एक पाऊल.

मी आउट म्हणून हात वर केले. आमच्या सगळ्या मुलींनी केले. आणि गुल्हाने सरांनी दोन्ही हात छातीसमोरून बाहेर फेकून आडवे पसरले.

सेफ.

मैदानावर आधी कुणालाच काही कळलं नाही. मग दिग्रसचा मॅनेजर टाळ्या वाजवायला लागला. आमचे सर धावत आले. पण मला त्या गलक्यातलं दुसरंच आठवतं. रेणुका बेसवर उभी होती, कमरेवर हात, धापा टाकत. ती गुल्हाने सरांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सर, मी आउट होती. बॉल पयले आला."

गुल्हाने सरांचा चेहरा राखेसारखा झाला. बॅटरपाशी, होमप्लेटवर उभ्या असलेल्या अंपायरला विचारून निर्णय बदलता आला असता. तसं ते करतील असं मला क्षणभर वाटलंसुद्धा. पण त्यांनी रेणुकाला सांगितलं की इथं अंपायर ते आहेत, ती नाही. आणि खेळ पुढे चालू केला. पुढची बॅटर आली, ती आउट झाली, आम्ही जिंकलो.

आता हे विचित्र वाटेल, पण आमच्या संघातल्या बहुतेक मुलींना दुःख झालंच नाही. आम्ही जिंकलो होतो. त्या नाचल्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवलं. एक मुलगी बेसवर गेली काय आणि न गेली काय, कप तर आपलाच. मला तेव्हापासून हे टोचत आलंय. हरलो असतो तर सगळं गाव चिडलं असतं, तक्रार झाली असती. जिंकलेल्या सामन्यात एखाद्याचं काही गेलं तर ते कुणाला दिसत नाही. ज्याचं गेलं तोच एकटा उभा राहतो आणि लोक त्याच्या गळ्यात हार घालतात.

किसनकाका रेषेवरून पुढे आले. त्यांना कप दिसत नव्हता. त्यांनी सरळ छायाला विचारलं, "ते पोट्टी काहून सुटली व? तुह्या बॉलमधी चूक झाली का?" छाया त्यांच्याकडे बघत राहिली. तिला नाही म्हणायचं होतं, पण अंपायरनं हात आडवे केले होते आणि ते काकांनी पाहिलं होतं. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, "हो ना बाप्पा, होते चूक," म्हणाले आणि घाईनं निघाले, कारण कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रांगेत फिरायला लागल्याचा निरोप आला होता. त्यांनी दिलेली माफी छायाच्या तोंडावर दिसत होती. तिला ती नको होती.

बक्षीस समारंभ दुपारनंतर होता. आम्ही लिंबाखाली किट आवरत बसलो होतो, म्हणजे बाकीच्या बसल्या होत्या. छाया चालत होती, झाडापासून तारेपर्यंत, तारेपासून झाडापर्यंत. गुल्हाने सर आले. कॅप हातात. त्यांनी मला बाजूला जा असं सांगितलं नाही, म्हणून मी तिथंच राहिले. ते म्हणाले की ती आउट होती. त्यांनी पाहिलं होतं. नजर पायावर होती, कान ग्लोव्हवर होते, सगळं बरोबर कळलं होतं. पण हात वर नेताना सकाळचं ते बोलणं कानात घुमलं, मामा, मामा; आणि हात आपोआप आडवे गेले. आपल्या माणसाच्या बाजूनं दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

छाया थांबली. ती रागानं बोलेल असं मला वाटलं. ती अगदी हळू बोलली.

"तुमी न्याव नाई केला, मामा. तुमी तुमचं नाव वाचवलं."

दिवसभरात तिनं पहिल्यांदा त्यांना मामा म्हटलं होतं. सर खाली बसले, तिथंच, मातीत. त्यांनी विचारलं, मी काय करू? निर्णय आता बदलत नव्हता. सामना संपला होता, सह्या झाल्या होत्या. छाया म्हणाली, "बाबाले सांगा. त्यायले वाटून राह्यलं मी चुकली."

मार्केट यार्ड मैदानापासून लांब नव्हतं. आम्ही तिघं चालत गेलो. सर पुढे, आम्ही मागे. यार्डात धुरळा, बैलांचा वास, हवेत तरंगणारे तंतू, आणि माणसांचा तो एक आवाज जो पुष्कळ दिवस वाट बघणाऱ्यांचाच असतो, मोठा नसलेला, पण न थांबणारा. आम्ही पोचलो तेव्हा ग्रेडर किसनकाकांच्याच गाडीपाशी होता. त्यानं निळं लुगडं बाजूला केलं, आत हात घातला, एक मूठ ओढली, बोटांनी जराशी ताणून पाहिली आणि खालची प्रत सांगून पुढच्या गाडीकडे गेला. काकांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. तोपर्यंत तो माणूस दोन गाड्या पुढे होता. त्या ढिगात छायानं महिनाभर बॉल फेकले होते, आणि तो कापूस कसा होता हे मला ठाऊक होतं. स्वच्छ, लांब धाग्याचा, आईनं वाळल्या पानाचं एकेक पातोडं काढून वेचलेला.

अशा वेळी गुल्हाने सरांनी त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते उद्या सांगतो म्हणतील. पण त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, की पोरीची चूक नव्हती, मी चुकीचं दिलं, तिनं आज जे केलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि मीच ते मोडलं. काका ऐकत होते. त्यांची नजर ग्रेडरच्या पाठीवर होती. मग त्यांनी ती वळवून सरांकडे आणली.

"तुमी निदान मांगं फिरून आले," ते म्हणाले.

त्यांनी सरांना गाडीच्या दांडीवर बसवलं, शेजारच्या चुलीवरून चहा मागवला. छायाला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोट्टी चुकली नव्हती, असं शेजारच्या गाडीवाल्याला सांगितलं, त्याच्या पलीकडच्यालाही सांगितलं. त्या दोघांना कशाबद्दल ते कळलं नसावं. चहा संपल्यावर मात्र त्यांनी सरांना विचारलं, "पन मले सांगून काय उपेग, गुरुजी? मी तं घरचाच. जितं हात हलवले तितं सांगान का?"

सरांनी कॅप घातली आणि उठले.

समारंभाला पाहुणे उशिरा आले. हार, नारळ, भाषण. कप देण्याच्या आधी गुल्हाने सर स्टेजवर चढले आणि माइक हातात घेतला. आयोजकांना वाटलं आभाराचं काही असेल. ते म्हणाले, आज मी एका मुलीला आउट असताना सेफ दिलं. बॉल आधी आला होता, तो मला दिसला होता. या छायानं आज समोरच्या संघातल्या कुणालाही बेसवर जाऊ दिलेलं नाही, हे कागदावर येणार नाही, म्हणून इथं जमलेल्यांनी लक्षात ठेवावं. एवढं बोलून ते खाली उतरले. पाहुण्यांना काही कळलं नाही, त्यांनी कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. रेणुका तिच्या संघात उभी राहून वाजवत होती, हात दुखेपर्यंत. आणि दिग्रसचा मॅनेजर ओरडून सांगत होता, बघा, मी सकाळीच म्हणालो होतो, भाचीसाठी माइकवर रडतो आहे.

ज्या नावासाठी त्यांनी तिचा बळी दिला होता ते नाव असं गेलं. पुढच्या वर्षी त्यांना अंपायरिंगला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शाळेतली नोकरी त्यांनी नीट केली, निवृत्त झाले. स्पर्धा असली की ते दोरीबाहेर खुर्ची टाकून बसलेले दिसायचे, असं तिकडची माणसं सांगतात.

परतीच्या बसमध्ये कप मुलींच्या मांड्यांवरून फिरत होता, कुणी त्यात शेंगदाणे घातले होते. छाया माझ्या शेजारी खिडकीशी. तिनं कप हातात घेतला नाही. पांढरकवडा मागे पडल्यावर म्हणाली, "म्या त्यायले बोलाले लावलं. आता त्यायले कोनी बलावन नाई." मला हे तोवर सुचलंही नव्हतं. मी म्हटलं, ते त्यांनी स्वतःहून केलं. ती म्हणाली, हो, आणि पुन्हा बोटांची सालपटं काढायला लागली. घाट येईपर्यंत ती काढत होती.

विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली. ती बाहेरच्या राज्यात खेळून आली, हरून आली. त्या पुढच्या हंगामात मजूर मिळेनात म्हणून ती वेचणीला घरी गेली ती होस्टेलवर परतली नाही. मी माझी परीक्षा दिली, दुसरी परीक्षा दिली, नोकरीला लागले. रेणुका पोलिसात गेली असं ऐकलं. छायाचं लग्न होऊन ती दिग्रसला गेली. नवरा जिनिंगमध्ये फिटर, ती अंगणवाडीत. आमच्या गाठी लग्नकार्यात पडत आणि दरवेळी मी तो विषय काढत असे. मी तो सगळ्यांसमोर काढते. नवऱ्याला सांगितला, मुलांना सांगितला, कचेरीत सांगितला. हात कसे आडवे गेले ते करून दाखवते. काही लोक हळहळतात, काही म्हणतात, पण जिंकलात ना तुम्ही? आणि मला पुन्हा चुळबुळ सुरू होते, की यांना नीट सांगता आलं नाही, पुढच्या वेळी जरा वेगळं सांगू.

मागच्या आठवड्यात साहेबांबरोबर तपासणीला दिग्रसला गेले होते. काम लवकर उरकलं म्हणून तिच्या अंगणवाडीत गेले. मुलं घरी गेली होती. ती भांडी पालथी घालत होती. केस पांढरे झालेत, अंगानं भरली आहे, पण डेगची उचलून फळीवर ठेवताना खांदा तसाच फिरला, मी बघितलं. बाहेर जिनिंगचा घरघराट. आम्ही चटईवर बसलो. गुल्हाने सरांची तब्येत बरी नसते, ती मधे भेटून आली होती. किसनकाका आता शेतात जात नाहीत, नातवाला घेऊन बसतात. मग मी नेहमीसारखी सुरू झाले. रेणुकाचा पाय, ग्लोव्हचा आवाज, एक पाऊल. अजून झोपेत दिसतं म्हटलं मला. तो बॉल तुला अजून त्रास देतो का?

ती चटईची काडी ओढत होती. म्हणाली, त्या बॉलचं काय, तो तर मारला गेला होता. तिच्या हातातून सुटल्यावर तो दुसऱ्यांचाच झाला होता. आधी आला, मग आला, ते त्यांनी ठरवावं.

"त्याच्या नंतरची बॅटर याद आहे का तुले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ती आउट झाली ना.

"झाली. पन कशी झाली? सगळं गेलतं तवा, राखून ठेवासारखं काहीच नोतं. बाबा पाहून राह्यले होते. आन् मंग म्या जे बॉल टाकले ना, तसे म्या जिंदगीत पुन्हा टाकले नाई. दिवसभरात नोते टाकले. बॅटीले हवा बी नाई लागली. इतक्या वर्सात कोनी नाई इचारत त्यायच्याबद्दल. म्या म्हटलं, जाऊ दे, झेलनारीले तं मालूम आहे."

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हो, मालूम आहे. ती खूश झाली. उठून चहा ठेवायला गेली.

संध्याकाळच्या एसटीनं मी परत निघाले. गाडीत गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसून ते बॉल आठवायला लागले. मास्कची जाळी आठवली, गुडघ्याखालची माती आठवली. ते आडवे हात, रेणुकाचा चेहरा, काकांच्या मिशीतला कापूस. त्या बॅटरचा चेहरा आठवेना. बॉल वेगात आले होते की संथ, उजवीकडून की डावीकडून, काही नाही. त्या वेळी मी पहिल्या बेसकडे बघत असणार, त्या माणसाकडे, मनातल्या मनात भांडत. ग्लोव्ह आपलं काम करत होता आणि मी तिथं नव्हतेच. दारव्हा मागे पडलं, अंधारून आलं, तरी मी डावा हात मांडीवर पालथा-उताणा करत बसले होते. ते बॉल त्याच हातात आले होते, एकामागून एक.